वाऱ्याची मोट

‘वाऱ्याची मोट बांधणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत पाठ केला तो अशक्य गोष्टीचा दाखला म्हणून. पण ज्या पूर्वजाने तो रूढ केला, त्याला आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या पंक्चरच्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे केले, तर बिचारा आपले शब्द परत घेईल. तेथे वाऱ्याची मोट सकाळपासून रात्रीपर्यंत बांधली जात असते, सुटत असते आणि पुन्हा बांधली जात असते. त्या मोटेला आपण कॉम्प्रेसर म्हणतो.

आता ही मोट दुकानातून निघून आपल्या घरात शिरू पाहते आहे. त्यात नवल काही नाही. ज्या घरात एका सायकलीवर चौघांचा कारभार चालत असे, त्याच घराच्या फाटकाआड आज दोन स्कूटर, एक मोटारसायकल आणि एक चारचाकी अंग चोरून उभ्या असतात. म्हणजे दहा चाके झाली! शिवाय शिवणयंत्रात अडकलेले धागे, कूलरच्या जाळीतली धूळ, लोखंडी फाटकाला द्यायचा रंग, अशी किरकोळ कामे आहेतच. मग रविवारी सकाळी गृहस्थाच्या मनात येते, ‘आपणही घरी एक कॉम्प्रेसर बसवला तर?’

यंत्रे विकणे हा माझा धंदा नव्हे. हयातभर मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर हत्यारांच्या नादी लागलो. त्यामुळे शेजारीपाजारी मला हटकतात, “सर, स्वस्तात स्वस्त कॉम्प्रेसर कितीला बसेल?” या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. या यंत्रात काटकसर करण्याजोग्या जागा पुष्कळ आहेत. पण एक जागा अशी आहे की तेथे वाचवलेला रुपया घरातल्या माणसाच्या जिवावर बेततो. ती जागा कोणती, एवढे सांगण्यासाठीच हा लेख.

पूरक, कुंभक, रेचक

प्रथम यंत्र समजून घेऊ. ज्याने प्राणायाम केला आहे त्याला कॉम्प्रेसर निराळा शिकवावा लागत नाही. पिस्टन खाली जातो आणि बाहेरची हवा आत ओढतो, हा पूरक. ती हवा दाबून टाकीत कोंडून ठेवतो, हा कुंभक. आपण नळीचा खटका दाबला की ती सुटते, हा रेचक. एक झडप हवा आत घेते, दुसरी तिला टाकीकडे सोडते आणि तिसरी तिला परत फिरू देत नाही. टाकीतला दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा सुरू करतो.

आम्हां वऱ्हाडकरांना तर याहूनही जवळचा दाखला आहे. सरकी काढलेली मोकळी रुई पाहावी तर खोली भरून उरते. तीच प्रेसमध्ये घातली की १७० किलोची आटोपशीर गाठ होते. कॉम्प्रेसर हवेची गाठ बांधतो. फरक एवढाच, की कापसाची गाठ पट्ट्या तुटल्या तर जागच्या जागी फुगून बसते. हवेची गाठ तशी बसून राहणारी नाही.

जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडला. पण सामान्य माणसाच्या दारात दाबलेली हवा आणली ती जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले. पोराची सायकल दगडी रस्त्यावर खडखडू नये एवढाच बापाचा हेतू. आज सारे जग त्या हेतूवर धावते आहे. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ मध्ये आणि कोइंबतूरला एल्गी १९६० मध्ये सुरू झाली, आणि हे यंत्र हळूहळू गावोगावच्या गॅरेजात पोचले.

आधी गरज, मग यंत्र

घरच्या हवेचा सर्वांत मोठा फायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. टायरमधला दाब मोजायचा तो टायर थंड असताना. गाडी चालून टायर तापला की आतली हवाही तापते आणि साडेपाच-सहा अंशांमागे दाब सुमारे १ पीएसआयने चढतो. अमरावती-अकोला रस्ता आता प्रसिद्ध आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम झाला. या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी मूर्तिजापूरला थांबून पंपावर हवा तपासली, तर काटा चार-पाच पीएसआय जास्तच दाखवील. मग पोऱ्या हवा काढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर मऊ पडलेला असतो. घरच्या हवेने पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, दाब बरोबर करता येतो. टायर झिजायचा वाचतो आणि पेट्रोलही थोडे वाचते.

पण यासाठी हवा लागते तरी किती? चारचाकीच्या एका टायरमध्ये सुमारे ३० लिटर जागा असते. दाब २६ वरून ३२ पीएसआयवर न्यायला बाहेरची १२ लिटर हवा पुरते. चार चाकांची झाली ४८ लिटर. दुचाकींची सहा चाके मिळून आणखी पंधरा-सोळा धरा. म्हणजे फाटकाआडची दहाही चाके ६५ लिटरच्या आत तृप्त होतात. आता २५ लिटरची लहानशी टाकी घ्या. ती ८ बार म्हणजे ११६ पीएसआयपर्यंत भरली आणि ४ बारपर्यंत उतरू दिली, तर तिच्यातून १०० लिटर मोकळी हवा मिळते. एका भरण्यात सारे कुटुंब जेवून उठले! माझ्या जिन्याखाली १ अश्वशक्तीचे, २५ लिटरचे असेच यंत्र आहे आणि त्याहून मोठ्याची मला कधी गरज भासलेली नाही.

स्पष्टच सांगायचे तर, ज्याला केवळ चाकांत हवा भरायची आहे त्याने कॉम्प्रेसर घेऊच नये. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा मुठीएवढा पंप थोडक्या पैशांत मिळतो. तो सावकाश भरतो, पण भरतो. फुंकर मारून यंत्र साफ करणे, रंग उडवणे, हवेच्या पान्याने नट खोलणे, यांपैकी काही करायचे असेल तरच टाकीच्या यंत्राकडे वळावे.

आणि वळताना दुकानातल्या पाटीवरचा एक आकडा नीट वाचावा. तेथे ‘सीएफएम’ असे लिहिलेले असते, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे २८ लिटर. यात मेख अशी, की पुष्कळ विक्रेते पिस्टन जेवढी हवा ओढतो तेवढी सांगतात. नळीच्या तोंडाशी पोचते ती त्याहून बरीच कमी असते. “प्रत्यक्ष मोकळी हवा किती मिळेल?” असा प्रश्न विचारावा. गॅरेजातल्या हवेच्या पान्याला काम करताना चार-पाच सीएफएम लागतात. मोटारीला सबंध रंग द्यायच्या मोठ्या गनला त्याच्या दुप्पट. घरगुती यंत्राने मोटार रंगवू गेलो तर माणूस एक हात मारतो आणि पाच मिनिटे काट्याकडे पाहत बसतो.

अकोल्याची टाकी

माझे हौसेचे यंत्र झाले. पण ज्या यंत्रावर पोट अवलंबून, त्याची गोष्ट वेगळी. माझा पुतण्या अकोल्याला जुन्या शहरात राहतो. थोरले बंधू आज हयात नाहीत. पोरगा दुचाकीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. ते बंद पडले, तेव्हा त्याने घरापुढच्या शेडमध्येच गॅरेज काढायचे ठरवले. हात चांगला, गिऱ्हाईक ओळखीचे. अडले ते हवेवाचून. दुचाकीचे गॅरेज कॉम्प्रेसरशिवाय चालत नाही. वहिनींनी पोस्टातली ठेव मोडून तीस हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले.

थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. एका भंगारवाल्याकडे २ अश्वशक्तीचा, पट्ट्यावर चालणारा, ७० लिटर टाकीचा जुना कॉम्प्रेसर बारा हजारांत मिळत होता. मी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. पंप पाहिला; हाताने चाक फिरवले, पिस्टन घट्ट होता, तेल स्वच्छ होते. मोटरही ठीक. पुतण्या टाकीवर थाप मारून म्हणाला, “काकाजी, टाकी तं पाहा किती जाड आहे! वरून रंग मारला का नवीच दिसते.”

वरून रंग मारलेलाच होता, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्यामुळेच. कॉम्प्रेसरची टाकी बाहेरून गंजत नाही, आतून गंजते. हवेतले पाणी तळाशी साचते, महिनोन्‌महिने तसेच राहते आणि पत्रा आतल्या बाजूने खात जाते. बाहेरून टाकी तुकतुकीत आणि आतून पापुद्रा! आणि पत्रा निम्मा झाला की त्याच दाबाला त्याच्यावर येणारा ताण दुप्पट होतो.

टाकी फुटली तर काय होईल, याचा हिशेब मी तेथेच कागदावर करून दाखवला. ७० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाची हवा कोंडली, तर तिच्यात ७० किलोच्या माणसाला सुमारे १०० मीटर उंच उचलण्याइतकी शक्ती साठते. कुतुबमिनाराहूनही उंच! ही सारी शक्ती निमिषात मोकळी झाली की पत्र्याच्या चिंध्या होतात आणि त्या कोठे जातील याचा नेम नसतो. हे यंत्र घराच्या भिंतीला लागून, पोराच्या पाठीमागे हातभर अंतरावर राहणार होते.

तरी पुतण्याचा जीव त्या बारा हजारांत अडकलेला. नवे यंत्र घ्यायचे तर सगळी पुंजी त्यातच जाऊन हत्यारांना काही उरत नव्हते. त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, पैसे गेले तं पुन्हा जमतीन. पण त्या यंत्रापाशी दिवसभर माहा पोरगा बसन.”

मग आम्ही शहाणपणाचा मार्ग धरला. भंगारवाल्याला विसार देऊन टाकी तेवढी एमआयडीसीतल्या एका टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात नेली आणि तिची पाण्याने परीक्षा घेतली. ही परीक्षा प्रत्येक जुन्या टाकीची झालीच पाहिजे. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही; मग हातपंपाने दाब चढवायचा, तो वापरायच्या दाबाच्या दीडपट. म्हणजे ८ बारच्या टाकीला १२ बार. परीक्षा पाण्यानेच का, असे पुतण्याने विचारले. पाणी दाबले जात नाही, म्हणून त्यात शक्ती साठत नाही. पत्रा फाटला तर पाण्याची एक चिळकांडी उडते आणि दाब तत्क्षणी शून्य. हे मी सांगणार तोच कारखान्यातले वयस्क मिस्त्री हातपंप मारता मारता म्हणाले, “पाण्यानं फाटली तं आंग वलं होते, भाऊ, हवेनं फाटली तं आंगच राह्यत नाही.” चाळीस मिनिटांच्या माझ्या तासाचे सार त्या गृहस्थाने एका वाक्यात सांगितले.

काटा चढू लागला. ५, ६, ७ बार. टाकी गप्प. ८ बारला मिस्त्री थांबले, त्यांनी तळावरून कोरडे फडके फिरवले, आणि पुन्हा दांडा मारला. ९ बारच्या पुढे काटा गेला तसा निचऱ्याच्या तोटीजवळ पोटाच्या पत्र्यावर एक थेंब उगवला. मग शेजारी दुसरा. टाकीला घाम फुटला होता! मिस्त्रींनी खिळ्याचे टोक त्या जागी टेकवून नुसते दाबले, आणि पत्र्यातून पाण्याची तार सुटली. पुतण्या काही बोलला नाही. त्याने तेथले पाणी बोटाने पुसले, पुन्हा आले ते पाहिले, आणि नव्या टाकीचा भाव विचारला.

जुन्या टाकीला वरून ठिगळ लावून देणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार करावा. आतून खाल्लेल्या पत्र्याला वेल्डिंग म्हणजे फाटक्या धोतराला जरीचा काठ. तीच गोष्ट स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरची टाकी करण्याची. ते सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते, ही एक बाब. आणि आत राहिलेल्या गॅसला ठिणगी लागली म्हणजे काय होईल ते सांगायला नको. काही हौशी तरुण जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून त्यावर हवा भरतात. तो आवाज करीत नाही हे खरे. पण हवा अगदी थोडी देतो. शिवाय अलीकडच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. फ्रीजची नळी ज्योतीने कापणे म्हणजे दिवाळीचा बाण स्वयंपाकघरात पेटवणे होय.

विजेची तार

टाकीखालोखाल महत्त्व तारेला. २ अश्वशक्तीची घरगुती मोटर चालताना सुमारे १० अँपिअर घेते. पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. अकोल्याच्या घरी मीटरपासून शेडपर्यंत वीस मीटर अंतर होते. तेथे दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची तार वापरली असती तर सुरू होताना २४ व्होल्ट वाटेतच गळून गेले असते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, घरोघरी कूलर सुरू झाले की आधीच दाब उतरलेला असतो. त्यात ही गळती! मोटर मग फिरत नाही, नुसती घुमते आणि जळते. आम्ही ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली. गळती ९ व्होल्टवर आली. यंत्राला स्वतंत्र एमसीबी दिला. घर आणि धंदा एकाच मीटरवर असेल तर मंजूर भार आणि जोडणीचा प्रकार महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावा. नंतर कागद येण्यापेक्षा आपण गेलेले बरे.

अर्थिंगबद्दल आपल्या भागापुरती एक सूचना. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरते राहते. मार्चपासून जूनपर्यंत त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. तुळशीला घालताना त्यालाही घालावे.

यंत्र बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो दोष समजू नये. नळीतली कोंडलेली हवा सोडून दिली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या हाताने उठते. तो आवाज यायचा थांबला तर मात्र त्याच दिवशी कारागीर बोलवावा. पट्ट्याच्या यंत्रात आणखी एक गोष्ट पाहावी. मोठ्या चाकाचे आरे पंख्यासारखे असतात आणि त्यांचा वारा सिलिंडरवर यायला हवा. मोटर उलटी फिरली तर हवा भरते, पण सिलिंडर भाजून निघते. चाकावर बाण असतो. तो न पाहता बटण दाबू नये.

ऊन, कापूस आणि पाऊस

सायकलला पंप मारताना त्याचे टोक हाताला चटका देते, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा दाबली की तापते. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात ८ बारपर्यंत हवा एकदम दाबली, तर कागदावरच्या गणिताने तिचे तापमान ३०० अंशांच्या पुढे जाते. सिलिंडरच्या कडा उष्णता बाहेर टाकतात म्हणून प्रत्यक्षात ते कमी राहते, एवढेच. तेव्हा यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. सावली हवी, आणि चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा हवी. दहा मिनिटे चालले की तेवढीच विश्रांती द्यावी. तेल कॉम्प्रेसरचेच घालावे. मोटारसायकलचे उरलेले ओतू नये.

दसरा-दिवाळीपासून कापसाचा हंगाम सुरू होतो. रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि यंत्राची गाळणी ते बिनतक्रार गिळत असते. गाळणी गच्च झाली की यंत्र दमेकऱ्यासारखे धापा टाकते, वीज खाते आणि हवा देत नाही. हंगामात दर आठवड्याला गाळणी काढून झटकावी.

आणि पाऊस. श्रावणातल्या ३० अंशांच्या दमट हवेने ७० लिटरची टाकी एकदा भरली, तर तिच्या तळाशी अडीच चहाचे चमचे पाणी उतरते. दिवसभरात दहा टाक्या हवा वापरली की कपभर पाणी झाले. टाकीला खाणारा उंदीर तो हाच. म्हणून दररोज संध्याकाळी काम संपले की थोडा दाब शिल्लक असताना तळाची तोटी हळू उघडावी आणि पाणी वाहून जाऊ द्यावे. याला पैसा लागत नाही. अर्धे मिनिट लागते. जी टाकी भंगारवाल्याकडे आली होती तिच्या मालकाने हे अर्धे मिनिट कधी दिले नसावे.

हवा खेळण्याची वस्तू नव्हे

घरात यंत्र आले की मुले येतातच. त्यांना आणि मोठ्यांनाही तीन गोष्टी बजावून ठेवाव्यात. कपड्यावरची धूळ झटकायला म्हणून हवेचा झोत अंगावर कधीही घेऊ नये. तो डोळा घालवतो, कानाचा पडदा फाडतो. आणि थट्टेत शरीरात हवा सोडल्यामुळे तरुण पोरे प्राणाला मुकल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत साफसफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली ठेवण्याचे बंधन आहे, आणि तोही चष्मा लावून. आपणही तोच नियम घरात लावावा. दुसरे, हवेसाठी नळाची पांढरी पीव्हीसी पाइप वापरू नये. ती तडकली की काचेसारखे तुकडे उडतात. हवेची रबरी नळी किंवा लोखंडी पाइपच हवा. तिसरे, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहावी. प्रेशर स्विच अडकला तर टाकी आणि अनर्थ यांच्यामध्ये तो एवढासा व्हॉल्व्हच उभा असतो. तो गळतो म्हणून त्यावर बूच मारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

शेजारधर्मही विसरू नये. थेट मोटरवर बसवलेली लहान यंत्रे मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि कर्कश ओरडतात. पट्ट्याची यंत्रे सावकाश चालतात, आवाज कमी करतात आणि टिकतातही अधिक. पायाखाली रबराच्या जाड गाद्या घालाव्यात आणि दुपारी दोन ते चार यंत्राला वामकुक्षी द्यावी.

हिशेब

शेवटी पैशांचे सांगतो, कारण गृहिणी हा लेख तेथूनच वाचायला घेतील. टाकी नापास झाली हे पाहून भंगारवाल्याने तीन हजार सोडले. पंप, मोटर आणि सांगाडा नऊ हजारांना पडला. परीक्षेच्या दाखल्यासह नवी टाकी साडेनऊ हजार. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच आणि दाबाचा काटा मिळून बावीसशे. पट्ट्यावरची जाळी आठशे. तार, एमसीबी आणि अर्थिंग साडेचार हजार. रबरी नळी, जोड, पाणी अडवणारी गाळणी आणि दाब कमी-जास्त करण्याची चावी यांना अडीच हजार. एकूण अठ्ठावीस हजार पाचशे. वहिनींच्या तीस हजारांतून दीड हजार उरले, त्यांचे पाने आले.

या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. मोटर जुनी, पंप जुना, सांगाडा जुना; रंगसुद्धा पुतण्याने स्वतः दिला. काटकसर येथे झाली आणि ती योग्यच झाली, कारण मोटर जळली तर दोन दिवस काम थांबते, पंप झिजला तर हवा कमी येते. पण टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, तार आणि अर्थिंग या चार गोष्टी नव्या आणि चोख. त्या बिघडल्या तर थांबते ते काम नव्हे. स्वस्त यंत्र आणि हलके यंत्र यांतला भेद तो एवढाच आहे, आणि तो फक्त कॉम्प्रेसरलाच लागू आहे असेही नाही.

अकोल्याच्या त्या शेडमध्ये आज सकाळी आठ वाजल्यापासून गाड्या लागतात. वहिनी दुपारचा चहा तेथेच नेऊन देतात आणि जाता जाता संध्याकाळची आठवण करतात, “तोटी सोडशीन ना रे?”

या पाडव्याला ज्यांच्या घरी असे यंत्र असेल ते त्याला हळद-कुंकू वाहतीलच. वाहण्यापूर्वी तळाची तोटी उघडून पाहावी. स्वच्छ पाणी निघाले तर आनंदाने नारळ फोडा. तांबडे निघाले तर नारळ बाजूला ठेवा, आणि आधी मिस्त्रींना गाठा.